जिताडे कोणी मारले ते कळलं: तळी-खाडी-खडप कार्यशाळेला साडेतीन तारे

आधी तारे सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन. एसटीत २९ वर्षं कंडक्टरकी केली. गाडी कुठवर जाते ते आधी सांगायचं, तिकीट मग फाडायचं, ही सवय अजून सुटत नाही. पैशांचं म्हणाल तर ६०० रुपये वसूल झाले. वेळापत्रकाचं म्हणाल तर आमच्या डेपोतसुद्धा एवढा गोंधळ बघितला नव्हता.

मी अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातला. वडखळहून अलिबागकडे निघालात आणि धरमतरचा पूल ओलांडलात की उजव्या हाताला जी सपाट, उघडी भातशेती लांबवर दिसते ना, तो खारेपाट. भरतीच्या पाण्यापेक्षा खालची जमीन. खापरपणज्यांनी चिखलमातीचे बांध घालून खाडीकडून मिळवलेली. बांधाला उघाडी असते, म्हणजे लाकडी झडप. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना वीज. आणि घरापाठी किंवा शेताच्या कोपऱ्यात तळं, तळ्यात जिताडा मासा. मुंबईच्या साहेबाकडे काम अडलं की खारेपाटातून जिताडा जायचा, असं लोक चेष्टेने सांगतात. माझ्या वडिलांनी खरंच दोन वेळा नेला होता. त्यातला एक माझ्या नोकरीसाठी. नोकरी दुसरीकडेच लागली.

तर कार्यशाळा. विषय होता गावातली तळी, खाडी आणि किनाऱ्यावरची खडपं (भरतीत बुडणारे, ओहोटीला उघडे पडणारे खडक) गावानेच कशी सांभाळायची. शुक्रवारी दुपारी सुरू, रविवारी दुपारी संपली. घेणाऱ्या संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि पोरं मनाची चांगली होती. उगाच त्यांचं नाव चघळलं जायला नको. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकलेल्या. आम्ही ३१ जण. (मोजायची सवयही सुटत नाही.) अर्धे आमच्यासारखे तळंवाले शेतकरी, नऊ कोळणी, कॉलेजातली चार पोरं, आणि मुंबईचे एक गृहस्थ, ज्यांनी बंगल्यापुढे प्लास्टिक अंथरून तळं केलंय आणि त्यात पाणी हिरवं का होतं हा त्यांचा प्रश्न होता. अडीच दिवसांत त्यांनी तो चार वेळा विचारला. खरं सांगायचं तर प्रश्न बरोबर होता, आम्हीच हसत होतो.

शिकवायला तिघं. मुख्य मॅडम रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या, तिशीच्या आतबाहेर. दुसरा मालवणचा, पाण्यात बुड्या मारणारा पोरगा. तिसरे कांदळवनावर, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलातल्या झाडीवर, बोलणारे सर.

शुक्रवारी संध्याकाळी मॅडमनी थेट जिताड्यालाच हात घातला आणि पहिल्या अर्ध्या तासात हॉल गप्प केला. जिताडा जन्मभर एका लिंगाचा राहत नाही. आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे आम्ही ज्याला "काय बोकड झालाय" म्हणून दोन्ही हातांनी उचलून फोटो काढतो, ती बहुतेक बाई असते. मागून एक कोळीण म्हणाली, "आता कललं, घरात मोठ्या आवाजात कोन बोलतं ते." पाच मिनिटं कोणी कोणाचं ऐकेना.

पण माझ्या कामाचं पुढचं होतं. जिताड्याची पिल्लं एकमेकांना खातात. आपल्या लांबीच्या निम्म्याहून मोठं भावंडसुद्धा गिळतात. पावसाळ्यात खाडीच्या कडेने पिल्लं वर येतात, ती झोळीने धरून आम्ही तळ्यात सोडतो. बोटाएवढी, वीतभर, जी मिळतील ती एकत्र. मी एका वर्षी दोनशे सोडली होती. दिवाळीला चाळीस दिसली नाहीत. तेव्हा मी बगळ्यांना शिव्या घातल्या, वाडीतल्या पोरांना घातल्या, एकाच्या तर घरी जाऊन आलो. खरे चोर तळ्यातच होते. उपाय साधा: पिल्लं आकाराप्रमाणे वेगळी करायची, दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा निवडायची, मोठी झालेली दुसऱ्या हाप्यात टाकायची. हापा म्हणजे बारीक जाळीची पेटी, चार काठ्यांना बांधलेली. मॅडमनी एक हापा हॉलमध्येच शिवून दाखवला. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ साली जिताड्याचं बंदिस्त प्रजनन जमवलं, त्यामुळे आता हॅचरीचं एकसारख्या आकाराचं बीज मिळू शकतं, हेही सांगितलं. मात्र ते कुठून मागवायचं, किती दिवस आधी सांगायचं, गाडीभाडं कोण भरतो, हे विचारल्यावर "शेवटच्या दिवशी कागद देऊ" असं उत्तर आलं. कागद आला नाही. अर्धा तारा इथे गेला.

शनिवारी सकाळी खडपावर. इथे मला लिहायला जरा जागा द्या.

आमच्याकडे भरती काढायचं गणित शाळेत न गेलेल्यालाही येतं. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी म्हणजे आठ, पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. शनिवारी अष्टमी होती. संयोजकांनी मोबाइलवर बघून बाराला ओहोटी काढली आणि साडेअकराला बस लावली. वेळ बरोबर! पण अष्टमीला भांग असतो. भरती पुरती चढत नाही आणि ओहोटीला पाणी पुरतं उतरत नाही. खडप बघायचं तर अमावास्या-पुनवेच्या उधाणाला जायचं. तेव्हा पाणी लांब मागे जातं, फक्त ते पहाटे सहाला किंवा संध्याकाळी सहाला. म्हणजे त्यांनी ओहोटीची वेळ बघितली, ओहोटी किती मोठी ते बघितलं नाही. थळकडच्या दोघी कोळणी बसमध्ये चढतानाच म्हणाल्या होत्या, "आज काय दिसायचा नाय." त्यांना कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनीही आवाज चढवला नाही. कोपराएवढं ओलं खडप दिसलं आणि बाकी सगळं फेसाखाली.

तरी त्या दोघींनीच तिथे दिवस वाचवला. कालवं कशी काढायची ते दाखवलं. वरची शिंप फोडायची, आतलं मांस उचलायचं आणि खालची शिंप खडकाला तशीच ठेवायची. मॅडमनी त्याला कारण जोडलं: कालवाचं पिल्लू पाण्यात तरंगत येतं आणि चिकटायला जागा शोधतं, जुनी शिंप ही त्याला सगळ्यात आवडती जागा. खडप खरवडून साफ केलं की पुढच्या वर्षीचं बीज बसणार कुठे? कोळीणबाई म्हणाल्या, हे कारण त्यांना माहीत नव्हतं, पण सासूने हात धरून असंच शिकवलं होतं. दगड उलटला तर परत तसाच पालथा घालायचा, हेही तिथेच कळलं, खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात मरतात म्हणून. मुंबईच्या गृहस्थांनी तोवर सहा दगड उलटले होते. बिचारे परत जाऊन एकेक सरळ करून आले.

प्रवाळाचा भाग दुपारी जेवणानंतर ठेवला आणि तिथेच घात झाला. मालवणच्या पोराकडे सांगण्यासारखं होतं. १९८७ साली जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचं प्रवाळ, त्यावर उभे राहणारे पर्यटक, बोटींचे नांगर, अडकून राहिलेली फाटकी जाळी. विजयदुर्गापासून शंभरावर किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं एक पठार आहे, त्यावरही प्रवाळ आहे आणि त्याला नाव आंग्रिया बँक. आमच्या अलिबागेत ज्यांची समाधी आहे त्या कान्होजी आंग्र्यांवरून. हे ऐकून दोन मिनिटं सगळे जागे झाले. पण ६४ स्लाइड, पंखा बंद, पोटात भात. आणि आमच्या गढूळ खाडीत प्रवाळ नाही. ज्याने त्याने आपल्या अंगणातलं शिकवावं. हा भाग मालवणात घेतला तर पाच तारे देईन.

दुपारी तीनला गावातल्या एका तळ्यावर नेलं. इथून कार्यशाळेचा खरा जीव सुरू होतो.

एक पत्र्याची चकती, वीतभर व्यासाची, चार पाकळ्या काळ्या-पांढऱ्या रंगवलेल्या, मधोमध दोरी. पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. तीस-चाळीस सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी ठीक. वीसच्या आत गेली तर पाण्यात शेवाळ फार झालंय, सांभाळा. त्या तळ्यात अठरा आली. मालक म्हणाला, "हिरवं पाणी म्हणजे खायला भरपूर." मॅडम म्हणाल्या, "काका, पहाटे भेटू."

मग बाटली. काचेची छोटी, पाण्याखाली धरून भरायची, बुडबुडा एकसुद्धा आत राहता कामा नये. दोन औषधांचे थेंब टाकले की आत ढगासारखा साका होतो. पाण्यात ऑक्सिजन असला तर साका तपकिरी, नसला तर पांढरा. त्यानंतर तिसरं औषध घालून थेंब मोजत रंग घालवायचा आणि आकडा काढायचा. मला केमिस्ट्री कळत नाही, पण तपकिरी आणि पांढरं कळतं. तीनच्या बाटलीत साका गडद तपकिरी, आकडा आला लिटरला ११ मिलिग्रॅम. मालकाची छाती फुगली.

रविवारी पहाटे साडेपाचला त्याच तळ्यावर, त्याच कोपऱ्यातून दुसरी बाटली. थंडी होती, कोणी बोलत नव्हतं. साका फिका, भिजलेल्या बिस्किटासारखा. आकडा तीनच्या जरा खाली. तेच पाणी, मध्ये चौदा-पंधरा तास. दिवसा शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा कुजका गाळ, सगळे मिळून तो ओढतात. म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची, सूर्य वर यायच्या आधी. आणि शेवाळ जितकं दाट तितका दिवसाचा आकडा वर आणि पहाटेचा खाली.

माझ्या पोटात तेव्हाच काहीतरी हललं. मी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं की तीन वर्षांपूर्वी पितृपक्षात माझ्या तळ्यातले ४३ जिताडे एका रात्रीत मेले. दोन-दोन, तीन-तीन किलोचे. दसरा-दिवाळीला काढायचे होते.

त्यांनी वही काढली आणि विचारायला लागल्या, जसा पंचनामाच.

"किती वाजता दिसलं?"

"पहाटे, पावणेसहाला. काही अजून तोंड वर काढून आ-आ करत होते."

"आधी ऊन होतं?"

"तीन दिवस नव्हतं. वाराही पडलेला."

"मोठे आधी मेले की लहान?"

"मोठे. बारके दुसऱ्या दिवशीसुद्धा फिरत होते."

"बेडूक?"

"ओरडत होते."

"चिंबोऱ्या?"

"काठावर चढून बसल्या होत्या. निवट्याही."

"पाण्याचा रंग?"

"हिरवागार. दोन दिवसांनी काळपट झाला, वास सुटला."

"त्या आठवड्यात तळ्यात काय घातलं होतं?"

इथे मी थांबलो. पितृपक्षात बाजार थंड असतो, म्हणून पोयनाडला उरलेली बारीक मासळी मला स्वस्तात मिळाली होती. दोन टोपल्या रोज, चार दिवस. जिताडे फुगवायचे म्हणून. खाल्लं किती आणि तळाला कुजलं किती, कोण बघतो?

मॅडम म्हणाल्या, तीन वर्षांनी छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण कीटकनाशक पाण्यात गेलं असतं तर बहुतेक वेळा बारके मासे आधी जातात, चिंबोऱ्या-कोळंबी तर वाचतच नाहीत. ऑक्सिजन संपला की मोठ्या अंगाचे आधी जातात आणि ज्यांना पाण्याबाहेर श्वास घेता येतो ते बाहेर येऊन बसतात.

कीटकनाशकाचं नाव मी काढलं नव्हतं. त्यांनीच काढलं, कारण सगळे तेच विचारतात म्हणे. मीही तीन वर्षं तेच म्हणत होतो. माझ्या तळ्याला लागून चुलतभावाचं शेत. आमचा पाण्याच्या मोरीवरून जुना वाद. आदल्या संध्याकाळी दादा पाठीला पंप लावून भातावर फवारत होता, हे मी डोळ्यांनी बघितलेलं. एवढ्यावर मी निकाल दिला. त्याच्या मुलीच्या हळदीला गेलो नाही, लग्नाला गेलो नाही. बायको मागच्या दाराने जाऊन आली, ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली, ती इथे लिहितो कारण खारेपाटातल्या प्रत्येक तळंवाल्याला ती लागू आहे. मॅडमनी काचेच्या पेल्यात मीठ घातलेलं कोकम ओतलं आणि त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूच साधं पाणी सोडलं. लाल खाली, पांढरं वर, मध्ये रेघ. पंधरा मिनिटं ढळली नाही. आमच्या तळ्यांत उन्हाळ्यात खारं मुरलेलं असतं, पावसाळ्यात त्यावर गोडं पाणी चढतं, तेव्हा आत हेच होतं. खालच्या थराला हवा लागत नाही, तिथला ऑक्सिजन संपतो, गाळ सडतो. मग एखाद्या दिवशी जोराचा वारा सुटला की सगळं ढवळलं जातं आणि खालचं मेलेलं पाणी वर येतं. म्हणून मोठ्या पावसानंतर वरचं पाणी काढायचं, तळाचं नाही. त्यासाठी मोरीला फिरता एल्बो लावलेला पाइप, आडवा केला की वरचा थर जातो. प्लंबरकडे जेमतेम चारशेचा खर्च. शिवाय ढगाळ दिवसांत खाणं बंद, शेण-खत बंद. पहाटे मासे तोंड काढताना दिसले तर पंप लावून तळ्यातलंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यातच पाडायचं. हे सगळं त्यांनी फळ्यावर लिहिलं, मी वहीत उतरवलं, वहीचा फोटो मुलाने काढून गावच्या ग्रुपवर टाकला.

आता कांदळवन. हे सत्र शनिवारी संध्याकाळी झालं, मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण इथे भांडण झालं.

सरांनी सुरुवात छान केली. तिवर, कांदळ, चिपी, मारांडी, प्रत्येकाची फांदी आणलेली. कांदळाची शेंग झाडावरच रुजते आणि भाल्यासारखी चिखलात पडते. पांढऱ्या चिपीला २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष केलंय. २०१२ पासून वनखात्यात कांदळवन कक्ष आहे. बांधाच्या बाहेर तिवरांची पट्टी असली की लाट तिथेच मोडते आणि बांध टिकतो. हे मला शंभर टक्के पटलं. आमच्या खाडीत बार्ज चालतात, त्यांची लाट बांधाला रोज धडका देते. आमच्या बंदिस्तीला, म्हणजे बांधाला, जिथे बाहेर तिवरं दाट आहेत तिथे खांड गेलेली नाही, बांध फुटलेला नाही. जिथे चिखल उघडा होता तिथेच गेली.

पण खांड गेल्यावर काय होतं? खारं पाणी शेतात शिरतं. भात संपला. बांध वेळेत दुरुस्त झाला नाही की भरतीबरोबर बी येतं आणि चार-पाच वर्षांत शेतात पुरुषभर तिवरं उभी राहतात. मग ते शेत राहत नाही, कांदळवन होतं. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की जमीन सरकारी असो की खाजगी, कांदळवन तोडायचं नाही, भोवतालचे ५० मीटरही सोडायचे. एक शेतकरी उठला आणि म्हणाला, "सातबारा माझा, घरपट्टी-शेतसारा माझा, झाड सरकारचं. बांध फुटला तो मी फोडला का?" सर म्हणाले, हा धोरणात्मक प्रश्न आहे. मग हॉल पेटला. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमीन न कसता चरी गावचा शेतकऱ्यांचा संप चालवलेल्यांची ही नातवंडं-पतवंडं. "आपण चहानंतर बोलू" असं म्हणून ती बसतात होय?

माझं मत सांगतो. बाहेरचं तिवर आणि आतलं तिवर ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. बाहेरचं राखलंच पाहिजे आणि आम्हीच राखू. आतलं हे बांध न राखल्याचं पीक आहे. आमच्या लहानपणी जोळ असायची. खांड गेली की हाळी व्हायची, घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन बांधावर, पुढच्या उधाणाच्या आत खांड बांधून व्हायची. नंतर बांध सरकारी योजनेत आले, १९७९ चा खारभूमी विकासाचा कायदा आला, आणि आम्ही हात झटकले. आता खांड गेली की अर्ज जातो. अर्ज पोचेपर्यंत तिवर गुडघ्याला. बांध सांभाळायच्या कार्यशाळेत बांध कसा घालतात, चिंबोऱ्यांची बिळं कशी बुजवतात, उघाडीची झडप गळायला लागली तर काय करायचं, यावर एक तासही नव्हता. एवढं मोठं भोक! पूर्ण एक तारा मी यासाठी कापलाय.

भांडण मिटलं ते पोपटीने. संस्थेने रात्रीला केटररचा पुलाव ठेवला होता. माघात, अलिबाग तालुक्यात, पुलाव. आमच्यातल्या दोघांनी मडकं आणलं, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, वर-खाली भांबुर्ड्याचा पाला, आणि शाळेमागच्या शेतात पेंढा-गोवऱ्या पेटवल्या. कांदळवनवाले सर त्याच शेतकऱ्याच्या शेजारी बसून शेंगा सोलत होते. पुलाव सकाळी गावातल्या कुत्र्यांनी पाहिला.

रविवारची होडीची फेरी थोडक्यात: नवमी, पावणेसातला भरती. खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा पोचतं आणि उशिरा उतरतं, तरी साडेदहाला होड्या बारक्या फाट्यात घालणं म्हणजे उतरत्या पाण्यावर स्वार होणं. होडीवाल्याने सांगितलं. ऐकलं नाही. साडेबाराला आम्ही चिखलात रुतलो आणि दोन तास तिथेच. खंड्या, बगळे, निवट्या, सगळं फार जवळून बघितलं. पाण्याच्या बाटल्या दुसऱ्या होडीत होत्या. प्रमाणपत्रं साडेचारला मिळाली, माझ्या प्रमाणपत्रावर तालुका पेण छापलंय.

कोणी जावं? ज्याचं तळं आहे त्याने नक्की जावं. कोळणींना पैसे देऊन शिकवायला बोलवावं, ऐकायला नव्हे. बंगल्याच्या तळंवाल्यांनीही जायला हरकत नाही. त्या गृहस्थांना शेवटी कळलं की ते माशांना दिवसातून पाच वेळा खाणं घालतात, म्हणून पाणी हिरवं. बरोबर थर्मास, टोपी आणि जुनी चप्पल घ्या. हॉलला शौचालय एकच आहे, बायकांची पंचाईत झाली. हे संयोजकांना आधी सुचायला हवं होतं.

आल्यावर मी घरातल्या जुन्या स्टीलच्या ताटलीला भोक पाडून, काळा-पांढरा रंग लावून चकती केली. माझ्या तळ्यात चौतीस आली. तिसऱ्या दिवशी ती चकती घेऊन दादाच्या तळ्यावर गेलो. तो बांधावर बसला होता, उठला नाही. मी काही न बोलता दोरी सोडली.

"किती?" त्याने विचारलं.

"एकवीस."

"मंजे?"

"म्हणजे आता चार दिवस खायला घालू नको."

बाकीचं बोलायचं राहिलंय. वहिनीने चहा दिला, तो प्यालो.

संस्थेला मी पंचांग बघून पुढच्या तीन अमावास्यांच्या तारखा आणि पहाटेच्या ओहोटीच्या वेळा काढून पाठवल्या आहेत, बांधाच्या सत्रासाठी उघाडीवर काम केलेली आमच्या वाडीतली दोन माणसंही सुचवली आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. आलं आणि तारखा धरल्या, तर इथे येऊन अर्धा तारा वाढवीन.